नऊ रुपये बारा आणे

गेल्या श्रावणात मी माझ्या कादंबरीचे बाड रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवले. १४० पाने, सात वर्षांचे काम. दोन प्रकाशकांकडून ती परत आली होती. तिसऱ्याकडे जाऊन आठ महिने झाले होते आणि साधी पोचही मिळाली नव्हती. कथांची गत फारशी निराळी नव्हती. अकरा पाठवल्या. दोन छापून आल्या, चार ‘साभार परत’ आल्या, उरलेल्या पाच कुणाच्या टेबलावर पडून आहेत ते मला ठाऊक नाही. संध्याकाळी नवऱ्याने ते बाड गठ्ठ्यावरून उचलले आणि पुन्हा कपाटात ठेवले. म्हणाला, “रद्दी चौदा रुपये किलो आहे. एवढ्यासाठी कशाला घाई?”

मी मूळची सोलापूरची. बँकेच्या नोकरीने म्हैसूरला आणले त्याला अकरा वर्षे झाली. घर सरस्वतीपुरमला आहे, कुक्करहळ्ळी तळ्यापासून चालत दहा मिनिटांवर. कानडी लहानपणापासून कानावर होती. आता बोलता येते, अक्षर लावत वाचताही येते. लिहिते मात्र मराठीतच. या गावात माझ्या कथा वाचू शकतील अशी माणसे मी बोटांवर मोजू शकते, आणि त्यातली निम्मी माझ्याच घरात राहतात.

त्या रविवारी मी यादवगिरीला आर. के. नारायण यांच्या घरी गेले. इतकी वर्षे त्या भागातून जात-येत होते, पण आत पाऊल टाकले नव्हते. दुमजली पांढरे घर आहे. २०११ साली ते पाडायला सुरुवातही झाली होती. लोकांनी आवाज उठवल्यावर ते वाचले आणि दुरुस्तीनंतर २०१६ साली तिथे संग्रहालय झाले. लिहिण्यासाठी त्यांनी मुद्दाम बांधून घेतलेल्या खोलीला आठ खिडक्या आहेत. खिडक्यांतून दिसणारे दृश्य इतके चांगले होते की लिहिण्यात लक्ष लागेना, म्हणून त्यांनी जाड पडदा लावून ते झाकून टाकले. मग दिवसाला हजार शब्द होऊ लागले, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. ही हकिगत मला आवडली, पण तिचा मला उपयोग नव्हता. हे घर नाव झाल्यानंतरचे. मला त्याआधीचा माणूस हवा होता, ज्याचे काही छापून येत नव्हते तो. म्हणून घरी येऊन मी त्यांचे १९७४ साली प्रसिद्ध झालेले आत्मचरित्र, ‘माय डेज’, काढले.

त्या आधीच्या माणसाबद्दल एक गोष्ट सगळ्यांना माहीत असते. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’चे हस्तलिखित लंडनच्या प्रकाशकांकडून पुन्हा पुन्हा परत येत होते. शेवटी नारायण यांनी ऑक्सफर्डला शिकणाऱ्या आपल्या म्हैसूरच्या मित्राला, किट्टू पूर्णा यांना, कळवले की आता ते दगड बांधून थेम्स नदीत बुडवून टाक. पूर्णांनी ते बुडवले नाही. त्यांनी ते ग्रॅहम ग्रीन यांच्या हातात दिले. ग्रीन यांना ते आवडले, त्यांनी हॅमिश हॅमिल्टन या प्रकाशकाला गळ घातली आणि १९३५ साली पुस्तक निघाले. लांबलचक नाव इंग्रज वाचकांच्या लक्षात राहणार नाही म्हणून ते आखूड करायचे आणि पुस्तकाला ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ म्हणायचे, हेही ग्रीन यांनीच सुचवले.

(मराठी माणसाला ‘स्वामी’ म्हटले की आधी रणजित देसाईंचे माधवराव पेशवे आठवतात. आमच्या पिढीला हा दुसरा, शाळेत जाणारा स्वामी भेटला तो १९८६ च्या सुमारास दूरदर्शनवर, शंकर नाग यांच्या ‘मालगुडी डेज’मधून.)

थेम्सची ही गोष्ट नवोदित लेखकांना धीर देण्यासाठी सांगितली जाते. मला मात्र तिने नेहमी खचवले आहे. तिचा अर्थ सरळ आहे: नशिबात असेल तर ग्रीन भेटतो, नसेल तर नाही. आणि सोलापूर-म्हैसूरच्या वाटेवर ग्रीन भेटण्याचा संभव कमीच. पण आत्मचरित्र आणि त्या काळातल्या तारखा शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा माझ्या लक्षात आले की या गोष्टीने खरी हकिगत झाकून टाकली आहे. बाड नदीत बुडण्यापासून वाचले तो प्रसंग फार तर काही दिवसांचा. त्याच्या आधी पाच वर्षे होती आणि नंतर वीस.

आधीची पाच वर्षे पाहू. नारायण यांचा जन्म १९०६ चा, मद्रासचा. बालपण तिथे आजीजवळ गेले. वडील म्हैसूरच्या महाराजा कॉलेजिएट हायस्कूलचे हेडमास्तर झाल्यावर मुलगा इथे आला. शाळेचे ग्रंथालय त्याला मोकळे होते. इंग्लंड-अमेरिकेची मासिके तिथे यायची. हाच मुलगा कॉलेजच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला, आणि तोही इंग्रजीत. ते वर्ष त्याने वाचण्यात घालवले, पुस्तक घेऊन कुक्करहळ्ळी तळ्याकाठी जाऊन बसण्यात घालवले. मी रोज सकाळी ज्या बांधावरून फेरी मारते तोच हा बांध. १९३० साली महाराजा कॉलेजातून पदवी मिळाली. मग चन्नपट्टणला शाळामास्तरची नोकरी धरली आणि थोड्याच दिवसांत सोडून दिली, कारण आपण लेखकच व्हायचे असे त्यांनी ठरवले होते.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बंगळूरला आजीकडे असताना, आजीने काढून दिलेल्या मुहूर्तावर त्यांनी एक वही विकत घेतली आणि कादंबरीची पहिली ओळ लिहिली. त्या ओळीबरोबर एक रेल्वे स्टेशन आले आणि त्याला मालगुडी हे नाव आले. मुहूर्त पाहून सुरू केलेले काम पुस्तक होऊन बाहेर पडायला पाच वर्षे लागली, हे आमच्या घरातल्या मंडळींना मी आवर्जून सांगितले आहे.

या पाच वर्षांत पोटापाण्याचे काय? तो हिशेब नारायण यांनी लपवला नाही. लेखक म्हणून पहिल्या वर्षाची कमाई नऊ रुपये बारा आणे. ती एका पुस्तकाच्या परीक्षणाची, आणि पुस्तक होते सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या सागरी कायद्यांवर. दुसऱ्या वर्षी एका कथेचे अठरा रुपये. तिसऱ्या वर्षी मुलांच्या एका गोष्टीचे तीस. १९३३ साली लंडनच्या ‘पंच’ने त्यांचा एक विनोदी लेख घेतला. विषय होता भारतीय कादंबरी कशी लिहावी. लिहिणाऱ्याची स्वतःची कादंबरी त्या वेळी कुणी छापायला तयार नव्हते.

मधल्या काळात ते मद्रासच्या ‘जस्टिस’ या वृत्तपत्राचे म्हैसूरचे बातमीदार झाले. हे ब्राह्मणेतर पक्षाचे पत्र, आणि बातमीदार अय्यर ब्राह्मण. पैसे मिळायचे ते छापून आलेल्या मजकुराच्या कॉलमची लांबी इंचांत मोजून. त्यासाठी सकाळी घराबाहेर पडायचे आणि बाजार, कोर्ट, नगरपालिका, पोलीस अशी फेरी मारून बातमी गोळा करायची. वरवर पाहता हा लेखनातून गेलेला वेळ. पण मालगुडीतले वकिलांचे कारकून, छापखानेवाले, झाडाखाली बसून कर्जाचे अर्ज भरून देणारे सल्लागार हे सगळे कुठून आले याचे उत्तर त्या फेऱ्यांत आहे. इंचावर पैसे मिळणाऱ्या माणसाला फापटपसारा परवडला असता, उलट तो फायद्याचाच होता. तरी या लेखकाची वाक्ये आखूड आणि स्वच्छ राहिली. हे त्यांना कसे साधले असेल याचा मी अजून विचार करते.

आता नंतरची वर्षे. ‘स्वामी’ची परीक्षणे चांगली आली. पुस्तक खपले नाही. हॅमिल्टन यांनी दुसरे पुस्तक घेतले नाही. ‘द बॅचलर ऑफ आर्ट्स’ १९३७ साली नेल्सनने काढले, ‘द डार्क रूम’ १९३८ साली मॅकमिलनने, ‘द इंग्लिश टीचर’ १९४५ साली आयर अँड स्पॉटिसवुडने. चार पुस्तके, चार प्रकाशक. म्हणजे ग्रीन पाठीशी असतानाही दर वेळी नव्याने दार ठोठवावे लागत होते. १९३७ साली वडील गेले आणि घरखर्चाचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा म्हैसूर सरकारसाठी राज्याची माहिती देणारे प्रवासवर्णन लिहायचे काम त्यांनी पत्करले. १९३९ साली पत्नी राजम टायफॉइडने गेल्या. मुलगी लहान होती. पुढे बराच काळ हातून कादंबरी झाली नाही. युद्धाच्या दिवसांत लंडनशी टपालही धड राहिले नाही. तेव्हा त्यांनी म्हैसूरमध्येच १९४१ साली ‘इंडियन थॉट’ नावाचे त्रैमासिक काढले. ते फार चालले नाही, पण त्याच नावाची प्रकाशनसंस्था उभी राहिली आणि नारायण आपली पुस्तके आपणच काढू लागले. त्रैमासिक ज्या छापखान्यात छापले जाई त्याचा मालक पुढे त्यांच्या एका कादंबरीत जाऊन बसला. साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९६० साली, ‘द गाइड’ला; मुहूर्तावर वही घेतल्याला तीस वर्षे झाल्यावर.

हा सगळा हिशेब मांडताना एक प्रश्न मला टोचत राहिला. पहिल्या तीन वर्षांत सगळे मिळून साठ रुपयेही न कमावणारा तिशीच्या आतला तरुण जगला कसा? उत्तर साधे आहे. तो वडिलांच्या घरात राहत होता. एकत्र कुटुंब होते, दोन वेळचे जेवण होते, मोठे भाऊ होते, आणि धाकटा लक्ष्मण चित्रे काढत घरात वावरत होता. हेडमास्तरांच्या मुलाला नापास व्हायला, नोकरी सोडायला आणि वाट पाहायला छप्पर होते. चिकाटीची गोष्ट सांगताना आपण छपराची गोष्ट गाळतो.

म्हैसूरच्याच दुसऱ्या लेखकांकडे पाहिले की हे आणखी स्पष्ट होते. नारायण ज्या महाराजा कॉलेजात होते तिथेच, त्याच दशकात, कुवेंपू शिकत होते. त्यांनीही आधी इंग्रजीत लिहिले. त्यांच्या इंग्रजी कवितांचे छोटे पुस्तक १९२२ साली निघाले होते. १९२४ च्या सुमारास म्हैसूरला आलेल्या जेम्स कझिन्स या आयरिश कवीला त्यांनी कविता दाखवल्या, तर त्याने आपल्या भाषेत लिहा असे सांगितले. म्हणजे एकाच गावात एका तरुणाला परदेशी वाचकाने इंग्रजीतून कानडीकडे वळवले, आणि दुसऱ्याला दुसऱ्या परदेशी वाचकाने इंग्रजीत टिकवून धरले. नारायण यांच्या घरची भाषा तमिळ, गावाची कानडी, लेखनाची इंग्रजी. कुवेंपूंना छप्पर दिले ते म्हैसूरच्या रामकृष्ण आश्रमाने. ते तिथे कित्येक वर्षे राहिले.

एस. एल. भैरप्पा तर मराठी वाचकांच्या घरातलेच. उमा कुलकर्णींच्या अनुवादांमुळे ‘वंशवृक्ष’ आणि ‘पर्व’ मूळ कानडी आहेत हे आमच्या सोलापुरात कित्येकांच्या ध्यानातही नसते. त्यांच्या डोक्यावर घरचे छप्परही नव्हते. लहानपणी आई गेली, परक्यांच्या घरी वार लावून जेवत शिक्षण केले, मध्येच घर सोडून भटकताना काही काळ मुंबईत रेल्वे स्टेशनवर हमालीही केली आणि मग म्हैसूरला परतून शिक्षण पुरे केले. पुढे आयुष्यभर प्राध्यापकाची नोकरी केली आणि कादंबऱ्या त्या नोकरीच्या आधाराने लिहिल्या.

आणि त्रिवेणी. खरे नाव अनसूया शंकर. १९२८ चा जन्म. चामराजपुरमच्या घरात राहून दहाएक वर्षांत वीसच्या आसपास कादंबऱ्या लिहिल्या. बायकांच्या मनाचे दुखणे हा त्यांचा विषय; ‘शरपंजर’ ही मानसिक आजारातून उठलेल्या बाईला घर पुन्हा कसे स्वीकारत नाही याची गोष्ट. १९६३ साली बाळंतपणानंतर त्या गेल्या, तेव्हा पस्तिशीही पुरी झाली नव्हती. थेम्सच्या गोष्टीसारखी एखादी गोष्ट त्यांच्याबद्दल सांगितली जात नाही. घरातल्या बाईला लिहायला वेळ कुठून मिळाला, यावर कुणी दंतकथा रचत नाही. मी त्यांच्या एका कादंबरीची सुरुवातीची वीस पाने कानडीत अडखळत वाचली, आणि अडखळतानाही कळले की या बाईने वाट पाहण्यात दिवस घालवलेले नाहीत.

माझ्यापाशी छप्पर आहे, पगारही आहे. माझी तक्रार संपादकांबद्दल होती. ती पुरती खोटीही नव्हती. आठ महिने पोच न देणे हे कुठल्याच काळात बरे नाही. पण ग्रीन यांनी नारायण यांना नेमके काय दिले, याचा विचार करता करता माझी तक्रार जरा सरकली. त्यांनी प्रकाशक मिळवून दिला, हे खरे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ते वाचत राहिले. प्रत्येक हस्तलिखित त्यांच्याकडे जायचे, ते खुणा करायचे, नावे सुचवायचे. वीसेक वर्षे हे सगळे पत्रांतून चालले, आणि तेवढ्या वर्षांनी दोघांची पहिली भेट झाली.

आपल्याकडेही हे घडलेले आहे. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहत, कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि मराठीत लिहीत. सभा-संमेलनांना जात नसत, माणसांत फारसे मिसळत नसत. मुंबईत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन ‘सत्यकथा’ चालवत होते. तिथून कथा परत यायची ती कुठे काय खटकले ते सांगत, आणि राम पटवर्धनांनी लेखकांकडून पुन्हा पुन्हा लिहून घेतलेल्या कथांच्या आठवणी आजही निघतात. या कडकपणाचा रागही होता. १९६९ साली लघुनियतकालिकांच्या तरुणांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. त्यांचे म्हणणे होते की या दारातून फक्त एका जातकुळीचे लेखन आत येते, आणि ते म्हणणे उडवून लावण्यासारखे नव्हते. पण परत आलेल्या कथेबरोबर एका वाचणाऱ्याचा हात यायचा, हेही तितकेच खरे. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद झाली. आता कथा ईमेलने जाते आणि बहुधा काहीच परत येत नाही.

मी माझे बाड आत्याला पाठवले. आत्या सोलापूरला असते, शाळेतून निवृत्त झालेली, चौऱ्याहत्तर वर्षांची. हाती येईल ते वाचते. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला.

“वाचलं गं सगळं. तुझी ही सुमन पुण्यात राहते ना?”

“हो. का गं आत्या?”

“ती सकाळी दूध कुठून आणते?”

मला सांगता येईना.

“नवऱ्याशी भांडण झाल्यावर ती चालत सुटते, तर वाटेत काय काय लागतं? तू लिहिलंस ‘रस्त्यावर गर्दी होती’. ती तर सगळीकडेच असते. तू पुण्यात राहिलीस तरी कधी?”

राहिले नव्हते. मराठी कादंबरी पुण्या-मुंबईत घडते असे माझ्या मनाने न विचारताच धरून ठेवले होते. सात वर्षे मी एका अशा गावाबद्दल लिहिले जे मी इतरांच्या कथांतून ओळखत होते. ज्या गावातल्या दूधवाल्याची हाक मला झोपेतही कळते, ते गाव माझ्या वहीत नव्हते, कारण ते कानडी होते. नारायण यांनी नकाशावर नसलेले गाव लिहिले, तरी त्या गावातल्या लोकांना दूध कोण घालते हे त्यांना माहीत होते. मी नकाशावरचे गाव लिहिले आणि मला ते माहीत नव्हते. प्रकाशकांनी यातले काही कळवले नाही. कदाचित त्यांनाही फक्त काहीतरी उणे आहे एवढेच जाणवले असेल.

त्या १४० पानांतली जवळजवळ शंभर पाने गेली. सुमन राहिली. ती आता सरस्वतीपुरमला राहते, बँकेत कानडी, घरी मराठी आणि मुलांशी दोन्हीची मिसळ बोलते. तिची कानडी वाक्ये मराठी कथेत कशी लिहायची हा रोजचा पेच आहे. काही दिवस मी सगळे मराठीत घालते, काही दिवस कानडी शब्द तसेच ठेवते. अजून जमलेले नाही. पाच ते साडेसहा एवढा वेळ माझा असतो. तळ्याची फेरी आता संध्याकाळी. जी दहा पाने होतात ती आत्याला जातात आणि तिचे प्रश्न परत येतात. ती स्तुती फारशी करत नाही.

मार्चअखेरीला बँकेची गडबड संपल्यावर मी एका वहीत वर्षाचा जमाखर्च मांडला. एका कथेचे मानधन पाचशे रुपये. छपाई, झेरॉक्स आणि टपाल मिळून तीनशे साठ. शिल्लक एकशे चाळीस. खाली रेघ मारली, वर्ष घातले आणि पुढचे पान दुसऱ्या वर्षासाठी कोरे ठेवले.